कॉलिटनच्या बायका : एका इंग्रज खेड्याच्या दप्तरातून

(गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय आहे गावाचा आणि घराण्यांचा इतिहास, आणि त्यात बायका कुठे सापडतात. त्यासाठी मी मुद्दाम एक दूरचं गाव निवडलं आहे. दूरच्या गावात आपले हितसंबंध गुंतलेले नसतात, नात्यागोत्याची भीड नसते. त्यामुळे इतिहास लिहिताना बायका कशा वगळल्या जातात, हे जरा स्वच्छ दिसतं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे. त्याच्या पूर्व टोकाला, समुद्रापासून पाचेक किलोमीटर आत, कोली नावाच्या लहानशा नदीच्या काठी कॉलिटन हे गाव आहे. मध्यभागी सेंट अँड्र्यूजचं दगडी चर्च, भोवती छोटा बाजार, आणि लांबवर विखुरलेल्या शेतवाड्या. १८०१ साली इंग्लंडात पहिली जनगणना झाली तेव्हा इथली वस्ती सोळाशेच्या आसपास होती. मोठी लढाई झाली नाही, कोणी मोठा राजा इथे जन्मला नाही. तरीही लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे गाव जगभर माहीत आहे. कारण इथलं दप्तर.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या ताब्यातला मुलूख. आपल्याला वाटेल की हा फक्त धर्माचा मामला. तसं नव्हतं. गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी, अनाथ पोरांची सोय, हा सगळा कारभार सोळाव्या शतकापासून पॅरिशकडेच होता. म्हणजे एका बाईची गाठ दोन पुस्तकांशी पडायची. एक पाद्र्याचं, ज्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहिलं जाई. दुसरं गरिबांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या ओव्हरसिअरचं, ज्यात कोणाला किती पैसे दिले, कोणाला हाकललं, हे लिहिलं जाई.

पाद्र्याच्या पुस्तकाची सुरुवात १५३८ सालची. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने जन्मानंतरचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. बऱ्याच गावांची जुनी पुस्तकं हरवली, उंदरांनी खाल्ली, ओलीने गेली. कॉलिटनचं पुस्तक त्याच वर्षापासून सुरू होतं आणि तिथून पुढच्या तीनशे वर्षांचा माग बऱ्यापैकी अखंड लागतो.

आता या पुस्तकांत बाई कशी भेटते ते बघा. इंग्लंडातल्या बहुतेक पॅरिशांच्या जुन्या नोंदींत बाप्तिस्म्याच्या ओळीत मुलाचं नाव आणि बापाचं नाव असतं. आईचं नाव अनेकदा नसतंच. नऊ महिने वाहिलं तिने, पुस्तकात लेकरू त्याचं. दफनाच्या ओळीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची विधवा' एवढंच. लग्न झालं की आडनाव बदलतं, आणि माहेरच्या नावाची मुलगी नोंदीतून नाहीशी होते. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला बापाचा बाप, त्याचा बाप अशी शिडी सहज चढता येते. आईची आई, तिची आई शोधायला जा, दोन पायऱ्यांत वाट बंद होते.

मरताना बायका काही लिहून ठेवतील म्हणावं, तर तिथेही अडचण. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची. त्यामुळे त्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्र करता येत नसे. १८८२चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा होईपर्यंत थोड्याफार फरकाने हीच स्थिती. विधवा आणि अविवाहित बायकांची मृत्युपत्रं मात्र असत. पण डेव्हनची बहुतेक मृत्युपत्रं एक्झिटर शहरात ठेवली होती आणि १९४२ सालच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली.

तर उरलं पाद्र्याचं पुस्तक. १९६०च्या दशकात केंब्रिजच्या इतिहासकारांनी ते उघडलं. लुई आंरी या फ्रेंच अभ्यासकाने एक पद्धत बसवली होती. प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायची, मग चिठ्ठ्या जुळवून एकेक कुटुंब उभं करायचं. लग्न कधी झालं, पहिलं मूल कधी, शेवटचं कधी, कोण किती जगलं. टोनी रिग्ली यांनी ही पद्धत कॉलिटनला लावली आणि १९६६ साली आपले निष्कर्ष छापले.

त्यांतले आकडे आपल्याला चकित करणारे आहेत. १५६० ते १६४६ या काळात कॉलिटनमधल्या बायकांचं पहिलं लग्न सरासरी २७व्या वर्षी होत होतं. १६४७ ते १७१९ या काळात हे वय जवळजवळ ३० झालं. पुरुषांचं मात्र या साऱ्या काळात २७-२८च राहिलं. म्हणजे काही पिढ्या या गावात नवरीच नवऱ्यापेक्षा वयाने मोठी असणं ही सरासरी गोष्ट होती. पुढे १७७० ते १८३७मध्ये बायकांचं लग्नाचं वय २५पर्यंत उतरलं. शिवाय १६४७नंतर लग्न झालेल्या बायकांनाही मुलं कमी होऊ लागली, शेवटचं मूल लवकर होऊ लागलं.

मध्ये काय घडलं होतं? १६४५-४६ साली गावात प्लेग आला. वर्षभरात गावातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. त्यानंतर कठीण दिवस आले. रिग्लींचं म्हणणं असं, की या काळात कॉलिटनच्या जोडप्यांनी जाणूनबुजून मुलं कमी होऊ दिली. आधुनिक साधनं नसताना, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी, खेडेगावातली माणसं कुटुंबाचा आकार ठरवत होती! या निष्कर्षाने खळबळ उडाली. त्यावर वादही झाले. काहींनी आकडेमोडीवर शंका घेतली, काहींनी नोंदींवर.

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न बराच काळ बाजूला राहिला. चर्चा बायकांच्या वयाची, बायकांच्या गर्भाची, बायकांच्या मुलांची. पण त्या बायका दिवसभर करत काय होत्या? त्या जगत कशावर होत्या?

यात पद्धतीचाही दोष होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. चिठ्ठ्या जुळवून कुटुंब उभं करायचं, तर त्याची सुरुवात लग्नापासून होते. जिने लग्नच केलं नाही, तिचं कुटुंबपत्रक तयार होत नाही. जी कामासाठी दुसऱ्या गावाहून आली आणि पुन्हा निघून गेली, ती हिशेबात धरता येत नाही. जिचं मूल लग्नाबाहेर झालं, तिचं पान अर्धवट राहतं. म्हणजे ज्या बायका कोणाच्या तरी बायको होऊन एका जागी राहिल्या, त्यांच्यावरून सगळ्या गावाचा इतिहास लिहिला गेला. उरलेल्या गाळणीतून खाली गेल्या.

१९९१ साली पामेला शार्प या इतिहासकार बाईंनी नेमकं हेच गाळलेलं हाती घेतलं. त्यांच्या लेखाच्या मथळ्यात 'स्पिनस्टर' या शब्दावर कोटी आहे. इंग्रजीत स्पिनस्टर म्हणजे लग्न न झालेली प्रौढ बाई. कुचेष्टेनेच वापरला जाणारा शब्द. पण त्याचा मूळ अर्थ सूत कातणारी. शार्प यांनी म्हटलं, की या बायका शब्दशः स्पिनस्टर होत्या, आपल्या हातांवर पोट भरणाऱ्या होत्या. त्यांनी पाद्र्याच्या पुस्तकाशेजारी ओव्हरसिअरचे हिशेब, उमेदवारीचे करार, लोकरीच्या आणि लेसच्या धंद्याची कागदपत्रं ठेवली. तेव्हा चित्र पालटलं.

कॉलिटनच्या आसपास लोकर कातण्याचं काम होतंच. पण मोठा धंदा होता लेसचा. हॉनिटन हे जवळचं बाजाराचं शहर, म्हणून या लेसला हॉनिटन लेस म्हणतात. गच्च भरलेली उशी मांडीवर घ्यायची, तिच्यावर नक्षी टोचलेला चर्मपत्राचा तुकडा ठेवायचा, त्यात टाचण्या रोवायच्या आणि बारीक सुताच्या डझनावारी लाकडी कांड्या एकमेकींवरून फिरवत जाळी गुंफायची. डोळे जातात, पाठ वाकते. १६९८ साली परदेशी लेसवरची बंदी उठवण्याची चर्चा होती, तेव्हा पार्लमेंटपुढे मांडायला डेव्हनच्या लेस कामगारांची गावोगावची गणती झाली. तिच्यात सुमारे ४,७०० जणांची नोंद आहे. कॉलिटन आणि लगतची व्हिटफर्ड वस्ती मिळून ३५३. ज्या गावात शंभर वर्षांनीसुद्धा सोळाशे माणसं होती, तिथे साडेतीनशे हात लेसमध्ये. आणि त्यांतले बहुतेक हात बायकामुलींचे.

म्हणजे काय झालं, तर बायकांना काम होतं म्हणून आजूबाजूच्या गावांतून मुली इथे येत होत्या. पुरुष मात्र बाहेर जात होते. कोणी समुद्रावर, कोणी सैन्यात, कोणी दुसऱ्या गावी कामाला. १६८५ साली मनमथच्या ड्यूकने राजाविरुद्ध बंड केलं, त्यात कॉलिटनचे पुष्कळ पुरुष सामील झाले. बंड मोडल्यावर बंडखोरांपैकी कितीकांना फाशी झाली, कितीकांना वेस्ट इंडीजमध्ये वेठीला पाठवलं. गावात बायका जास्त, पुरुष कमी. लग्नाचं वय तीसवर का गेलं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. जोडप्यांनी शेजघरात काय ठरवलं असेल, याचा तर्क लढवण्याआधी या बायकांच्या मांडीवरची उशी बघायला हवी होती.

आता आपण उत्साहात येऊन म्हणू, की वा, या बायका स्वतंत्र होत्या! कमावत होत्या, उशिरा लग्न करत होत्या. थोडं थांबूया. कमाई म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण इतकं सरळ नसतं, हे तुम्ही रोजच्या कामात बघता. कॉलिटनच्या बायकांभोवती कायद्याचं जे कुंपण होतं, तेही बघायला हवं.

१५६३च्या कायद्याने न्यायाधीशांना असा अधिकार दिला होता, की १२ ते ४० वर्षांच्या कोणत्याही अविवाहित बाईला ते सक्तीने नोकरीला लावू शकत. बाईने स्वतःच्या हिमतीवर, कोणा मालकाच्या घराबाहेर राहणं हेच मुळी संशयास्पद.

गरिबांच्या मुलांना पॅरिश उमेदवारीला देई. आईबाप जिवंत असले, तरी मदतीवर असतील तर मूल शेतकऱ्याच्या घरी पाठवलं जाई. १६०१च्या कायद्याप्रमाणे मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत किंवा तिचं लग्न होईपर्यंत बांधलेली. नाव उमेदवारीचं, प्रत्यक्षात बहुतेकींच्या वाट्याला शेण काढणं, दूध काढणं, शेतात राबणं आणि घरातलं पडेल ते काम.

१६६२ साली वस्तीचा कायदा झाला. प्रत्येक माणसाचं एक हक्काचं पॅरिश, तिथेच त्याला मदत मिळणार. लग्न झालं की बाईचं पॅरिश नवऱ्याचं. नवरा मेला, की आयुष्यात कधी न पाहिलेल्या त्याच्या गावी तिला मुलांसकट पाठवता येई. अविवाहित मोलकरणीला सलग वर्षभराच्या चाकरीवर हक्क मिळे, म्हणून काही मालक वर्ष भरायला थोडे दिवस कमी ठेवून तिला काढत. ही युक्ती तुम्हाला ओळखीची वाटत असेल. आणि लग्नाबाहेरचं मूल ज्या पॅरिशमध्ये जन्मेल, त्या पॅरिशवर त्याचा भार. त्यामुळे दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपलीकडे ढकलण्याची घाई. १६९७पासून तर मदत घेणाऱ्यांनी बाहीवर कापडी अक्षरं शिवायची होती. 'पॉपर' म्हणजे कंगाल, त्याचं पहिलं अक्षर, आणि शेजारी पॅरिशचं पहिलं अक्षर. हा कायदा १८१०पर्यंत पुस्तकात होता.

अविवाहित आईची तर उघड चौकशी होई. बाप कोण, हे न्यायाधीशांपुढे शपथेवर सांगायचं. सुईणींना सांगून ठेवलेलं असे, की ऐन कळांमध्ये असताना तिला बापाचं नाव विचारा. १६१०च्या कायद्याने पॅरिशवर भार टाकणाऱ्या आईला वर्षभर सुधारगृहात डांबता येई. हा सारा खटाटोप पैशासाठी होता. बाप सापडला तर खर्च त्याच्याकडून वसूल. १८३४ला नवा गरिबांचा कायदा आला, त्याने उलटी टोपी फिरवली आणि मुलाचा सगळा बोजा आईवर टाकला. इतका गहजब झाला, की १८४४ साली आईला पुन्हा बापाविरुद्ध दाद मागण्याची मुभा द्यावी लागली. याच नव्या कायद्याने कॉलिटनच्या गरिबांना अ‍ॅक्समिन्स्टरच्या वर्कहाऊसची वाट दाखवली. अशा वर्कहाऊसांमध्ये नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या.

पण एक विरोधाभास बघा. ज्या बाईचा संसार सुरळीत चालला, तिचा या दप्तरात एकही शब्द नाही. ती फक्त 'अमक्याची बायको'. जिला हाकललं, जिची चौकशी केली, जिला मदत मागावी लागली, तिचीच हकिकत लिहिली गेली. कुठे जन्मली, कोणाकडे किती पैशांवर राबली, कोणी फसवलं, हे तिच्या तोंडून, पण कारकुनाच्या भाषेत. गरीब बायकांचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो सत्तेने त्यांना उभं करून प्रश्न विचारले म्हणून. हे कागद वाचताना विचारणारा कोण आणि उत्तराच्या बदल्यात तिला काय हवं होतं, हे दोन्ही लक्षात ठेवावं लागतं.

बाईच्या स्वतःच्या हाताची खूण नोंदवहीत नेमाने दिसू लागते ती १७५४पासून. आदल्या वर्षी झालेल्या लग्नाच्या कायद्यामुळे नवरा-नवरी दोघांनी सही करणं सक्तीचं झालं. त्या काळी इंग्लंडात दहातल्या सहाएक नवऱ्या सहीऐवजी फुली करत. लिहिता येत नसलेल्या त्या बोटांमधल्या कितीतरींना शंभर कांड्यांचा हिशेब चुकत नसे.

पुढे लेसचं काय झालं? १८०८-०९मध्ये जॉन हीथकोट याने जाळी विणण्याचं यंत्र काढलं. १८१६ साली त्याने आपला कारखाना डेव्हनमध्येच टिव्हर्टनला हलवला. हातच्या जाळीचा भाव कोसळला. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या पोशाखासाठी कॉलिटनजवळच्या बिअर नावाच्या किनारी गावात सुमारे दोनशे बायकांनी लेस केली. लेसची फॅशन पुन्हा आली, राणीचं कौतुक झालं. पण व्यापारी लेसच्या बदल्यात रोख पैसे न देता आपल्याच दुकानातला माल गळ्यात मारत, ही चाल डेव्हनमध्ये चालूच राहिली. पाच-सहा वर्षांच्या मुली लेसच्या 'शाळेत' बसत. शाळा नावाची, काम दिवसभराचं.

आणि सरकारी मोजदाद? १८४१च्या जनगणनेत शिरगणती करणाऱ्यांना सूचना होती, की बायकोचा आणि मजुरी न घेता आईबापांना मदत करणाऱ्या मुलामुलींचा धंदा लिहिण्याची गरज नाही. शेतावर आणि दुकानात राबणारी बायको एका सूचनेने 'काही न करणारी' झाली.

हा धागा आपल्या देशापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी लेसचं काम आंध्रातल्या नरसापूर भागात आणलं. मारिया मीस यांनी १९८२ साली तिथल्या लेसवाल्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांत दाखवलं आहे, की जगाच्या बाजारासाठी माल तयार करणाऱ्या या बायकांना 'गृहिणी फावल्या वेळात काही करतात' असं म्हटलं गेलं, आणि म्हणूनच त्यांना नगण्य मजुरी देता आली. डेव्हन आणि नरसापूर यांच्यात हे साम्य योगायोगाचं नाही. बायकांच्या कामाला काम न म्हणणं यावर दोन्हीकडचा व्यापार उभा होता.

शेवटी एक ताजी गोष्ट. इंग्लंडात १८३७ला नागरी नोंदणी सुरू झाली, तेव्हा लग्नाच्या दाखल्यावर वराच्या आणि वधूच्या बापांची नावं आणि धंदे लिहायचे ठरले. आयांना रकाना नव्हता. तो मिळाला मे २०२१मध्ये. एक रकाना वाढवायला एकशे चौऱ्याऐंशी वर्षं लागली, आणि त्यासाठीही बायकांना अर्ज-विनंत्या आणि मोहीम करावी लागली.

आपण आपापल्या गावांत माहिती गोळा करायला निघतो, तेव्हा कॉलिटनमधून काय घ्यायचं? मला चार प्रश्न घ्यावेसे वाटतात. हा कागद कोणी, कशासाठी लिहिला? यात बाई कोणत्या नात्याने आली आहे, आणि त्या नात्यात न बसणाऱ्या कुठे गेल्या? ती काय काम करत होती आणि त्याचे पैसे कोणाच्या हातात पडले? आणि हा कागद दुसऱ्या कोणत्या कागदाशेजारी ठेवला तर ती दिसेल? १९६६ ते १९९१ या पंचवीस वर्षांत कॉलिटनची नोंदवही बदलली नव्हती. साडेतीनशे लेसवाल्यांचा आकडाही १६९८पासून कागदावर होता. तो लग्नाच्या वयाशेजारी कोणीतरी ठेवायला हवा होता.

तुमच्या गटांनी गावातल्या बायकांच्या कामाची जी टिपणं आणली आहेत, ती दुपारच्या सत्रात याच प्रश्नांसकट वाचूया.